वर छत्री, खाली मी

१२ एप्रिल, शनिवार

टीव्ही पुन्हा गेला. आधी चित्राचे चौकोन चौकोन झाले, मंग बाईचं तोंड एकीकडे अन् आवाज दुसरीकडे, मंग निळा पडदा — सिग्नल नाही. किसनराव पाना घेऊन स्लॅबवर, डिशच्या छत्रीपाशी. मी खाली टीव्हीपुढं.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता पाह्य."

"आलं."

दिवसभरात नवरा-बायकोचं बोलणं एवढंच. दिवाळीपासून एवढंच. जेवण झालं की ताट आपटून ठेवते, त्यायले समजते.

नवऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये म्हणतात. वहीत लिवलं तं काय होते? बोलाले घरात कोणी नाही म्हणून लिवून राहिली. सातवीपर्यंत शाळा केली, तेवढी पुरते.

१३ एप्रिल

आजही गेला. ते वावरातून आले, चहा पेला, स्लॅबवरून टॉवेल घेऊन आले, अन् टीव्ही गेला. मले वाटते शेजारच्या देवानंदचा शेवगा नडून राहिला. फांदी बरोबर आमच्या छत्रीच्या तोंडापुढं. कुंपणापाशी गेली अन् म्हटलं, फांदी तोड. तो म्हणे, "वहिनी, छत्री तुमची, शेवगा माहा. छत्रीच सरकवा ना." म्हटलं, आजपर्यंत फक्त शेंगा तोडून खाल्ल्या, आता बुडापासून झाड तोडीन. हसला मेला. पण तोडली फांदी. त्याच्या बायकोनं शेंगायचा भारा धाडला, वरून निरोप — तुमच्या आलं-नाही आलंनं आमचे कान किटले, आता तरी आमाले आमचा टीव्ही आयकू द्या.

१४ एप्रिल

फांदी गेली. टीव्हीही गेला.

१८ एप्रिल, शुक्रवार

बाजारात आमचे वांगे अन् झेंडू घेऊन मीच बसते. बाजूले पार्बताबाई कोथिंबिरीच्या, म्हंजे आमच्या सांबाराच्या, जुड्या घेऊन. तिची बहीण अकोल्याले राहते. आज भर गिऱ्हाईकात म्हणे, "तुह्या वर्षालीले आठवा लागला म्हणते माही बहीण. आणली नाही वो अजून घरी?"

वांगे तराजूत टाकतच राहिली मी. गिऱ्हाईक म्हणे, "बाई, किलोभर मागतले, पोतंभर नाही."

"मालूम हाय मले," पार्बताबाईले म्हटलं. कुठं मालूम होतं! पोटच्या पोरीले आठवा लागला अन् मायले सांबारवाली सांगते.

वर्षालीनं मनानं लग्न केलं. रोहित जातीबाहेरचा. पोरगा वाईट नाही. दिवाळीले दोघं आले होते, मिठाईचा डब्बा घेऊन. किसनरावनं दारातूनच वापस लावले. म्हणे, माही पोरगी मेली. गल्लीतले सगळे ओट्यावर उभे होते ना, त्यायले आयकवाचं होतं. मी आत करंज्या तळून राहिली होती. पिठाच्या हातानं बाहेर येते तं गाडी कोपऱ्यावरून वळली. त्या दिवसापासून मी अबोला धरला.

माहा फोन टाक्यात पडला तो पडलाच. घरात आता एकच फोन, त्यायच्या खिशात. पोरीचा नंबर मागतला होता मी. म्हणे, तिनं नंबर बदलला.

आज अबोला मोडून सांगतलं. म्हटलं, आठवा हाय तिले. पहिलं बाळंतपण मायच्या घरी होते, सगळ्या जगात होते.

भाकर मोडता मोडता म्हणे, "या घरात तिचं नाव काढाचं नाही. एकदा सांगतलं ना."

मी एकटी अकोल्याले जाऊन काय करू? पोट्टीले घरी आणाचं तं बापाच्या तोंडून 'ये' निघालं पाह्यजे. नाही तं याच ओट्यावरून पुन्हा वापस जाईन ती, पोट घेऊन.

२० एप्रिल

आज मी बदला घेतला.

ते वर. चित्र लख्ख आलं — एक बाई कढीले फोडणी देऊन राहिली होती, कढीपत्त्याचं पान न् पान दिसे. वरून आवाज, "आलं का?"

म्हटलं, "नाही."

"नीट पाह्य."

"डोळे फुटले नाही माहे. नाही आलं."

"आता तं आलंच पाह्यजे!"

"तुमी म्हणान तसं आलं असतं तं काय पाह्यजे होतं."

उन्हात फिरवू फिरवू छत्री खरंच बिघडवली त्यायनं. खाली आले तं बनियन पिळून घ्यावं असं. मी पाणीही देलं नाही. पोरीले आणतो म्हणा, मंग सांगीन आलं की नाही आलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. वरून टीव्ही दिसत नाही. मंग 'आलंच पाह्यजे' हे कशावरून म्हणे?

२५ एप्रिल, शुक्रवार

ते वावरात असताना छत्रीवाल्या चंदनले बोलावलं. आधी वायर पाह्यली. म्हणे, वायर चांगली. छत्रीपुढचा डब्बा पाह्यला, तोही चांगला. त्याचं यंत्र लावलं, ते कुईकुई वाजलं. मंग वाकून छत्रीच्या बुडाचा नट पाह्यला अन् हसाले लागला.

"काकू, हे वाऱ्यानं नाही झालं. नट पान्यानं ढिला करतात. रोजच्या रोज. याचे कोपरे घासून गोल झाले."

"कोण करते?"

"ते मी काय सांगू? पण पाइपावर ही लाल रंगाची खूण पाहा. छत्री हलवाची, अन् काम झालं की खुणेवर आणून पुन्हा आवळाची. मस्त हिशोब हाय."

पाना आमच्या घरात एकच. अन् तो पाना घेऊन वर जाणारा माणूसही एकच.

चंदनले म्हटलं, कोणाले सांगू नोको. आता विचार करून राहिली. बिडी ओढते का वर? पण बिडी तं माह्यासमोरच ओढते. दारू? वास आला नसता का? मंग स्वतःच टीव्ही बंद पाडाचा, स्वतःच वर जाऊन चालू कराचा अन् तेवढा वेळ मले टीव्हीपुढं खुंट्याले बांधल्यासारखं बसवाचं — काहून?

उद्या पकडते.

२८ एप्रिल, सोमवार

दोन दिवस लग्नसराईच्या झेंडूतच गेले. आज पकडलं.

ते वर गेले. "आलं का?" झालं. मी "नाही" म्हटलं, कुरड्यायचं ताट उचललं अन् चपला खालीच ठेवून जिना चढली. पाह्यलं असतं तं म्हटलं असतं कुरड्या वाळवाले आली. पण त्यायचं ध्यान कुठं होतं. पाण्याच्या टाकीआड उकिडवे बसले होते, माह्याकडे पाठ, पाना बाजूले पडलेला, फोन कानाले.

"लोखंडाच्या गोळ्या घेते ना? … पाय सुजतात तं पायाखाली उशी घेत जाय. … नाही नाही, गाडीवर बसाचं नाही आता, रोहितले सांग मी म्हटलं म्हणून. … हो बाई. हो माही बाई."

माही बाई! शाळेत जात होती तेव्हा म्हणत असे तसं.

 हा माणूस खाली म्हणते पोरगी मेली, अन् वर तिच्या सुजल्या पायाची चौकशी करते. नंबर बदलला म्हणे! पहिले राग आला. मंग तो राग कुठं गेला मलेच समजलं नाही. त्यायची मान पाह्यली मागून, उन्हानं काळी झालेली. वावरात रेंज नाही अन् गल्लीले घाबरते बिचारा. एवढा मोठा माणूस, टाकीआड लपून पोटच्या पोरीशी बोलते.

मंग म्हणाले, "तुह्या मायचं म्हणशीन तं—" एवढं आयकलं अन् मी उतरली. बाप-लेकीच्या मधी मी कशाले उभी राहू? माहं नाव निघालं, चांगल्यासाठीच निघालं असन.

खाली येऊन टीव्हीपुढं बसली. निळा पडदा. मले तेवढाही बरा दिसला.

३ मे

आता मी मुद्दाम नाही म्हणते. "आलं का?" नाही. "आता?" नाही. चित्र समोर चकचकीत, तरी नाही. तेवढाच जास्त वेळ बोलतान दोघं.

देवानंदची बायको कुंपणावरून म्हणे, "वहिनी, नवी छत्री घ्या वो, भाऊजी उन्हानं मरतीन." म्हटलं, मरत नाही, तुमी तुमचं पाहा.

मधल्या खोलीतली पेटी हलवली, तिथं खाट टाकली. सुती लुगडे धुऊन फाडले, दुपटे शिवून राहिली. डिंक आणला. त्यायनं खाट पाह्यली, दुपटे पाह्यले. उचल हे, असं म्हटलं नाही! बाप्यायले हारलो म्हणाले वेळ लागते.

मले माहीत हाय हे मी त्यायले सांगणार नाही. सांगतलं तं लाजतान अन् तेही बंद करतान.

११ मे

आज राहवलं नाही. वाढता वाढता म्हटलं, गाडी करा अन् पोरीले घेऊन या, नववा चालू असन.

त्यायनं घास वरणात बुडवला. मंग म्हणाले, "पाहू."

पाहू! दिवाळीपासून पहिल्यांदा नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेली खीरही वाढून टाकली मी.

१९ मे

अजून पाहूच. लाडू बांधून ठेवले.

२३ मे, शुक्रवार

बाजारात पार्बताबाई म्हणे, काल पोट्टी झाली वर्षालीले. दवाखाना विचारून घेतला, टोपलं तिच्याजवळच टाकलं अन् अकोल्याची एसटी धरली. दवाखान्यात वर्षालीची सासू बाळ घेऊन बसली होती. वर्षालीनं मले पाह्यलं अन् तोंड भिंतीकडे केलं.

म्हणे, "आता काहून आली? बाबा रोज सांगत होते मले. 'दारात तसं बोललो ते तुह्या मायच्या धाकानं, रोज तिले समजावतो, पण ती तुहं तोंड पाहाले तयार नाही.' मीच म्हटलं, राहू द्या बाबा. तुह्या तोंडापुढं त्यायचं काय चालते, मले माहीत नाही का?"

मी सगळं सांगतलं. छत्रीचं, नटाचं, खाली बसून नाही नाही म्हणत होती ते. तिनं पूर्ण आयकून घेतलं. बाळाले सासूजवळून घेतलं, पदराखाली धरलं.

"त्यायनं रोज फोन केला आई," म्हणाली. "तू किती केले?"