पुण्याच्या पावण्यांसाठी हाका

कोल्हापूर,
१८ मार्च १९७७

ती. सौ. आक्का हिला धाकट्या जोतीरामचा वाकून नमस्कार. (दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून लिहितोय, त्यामुळं जेमतेम मानच वाकली. बाकीचा नमस्कार समक्ष.) दाजींचा दमा कसा आहे? उसाला तोड आली का? शिरोळची सगळी मंडळी बरी असतील. इकडं सगळे खुशाल आहेत. आप्पा दवाखान्यात आहेत, पण खुशाल आहेत. घाबरू नकोस. खाली बस, पाणी पी आणि मग पुढचं वाच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आप्पा समोरच्या कॉटवर पडून आहेत आणि लिहीन ते त्यांना वाचून दाखवायचं अशी त्यांची अट आहे. त्यामुळं ते मध्ये मध्ये तोंड घालणार. (आप्पा म्हणतात, "खुशाल दोन बारीनं कशाला लिवलास? एकदा लिवलं तरी कळतंय की तिला.")

तर झालं असं. पुण्याच्या एका पक्षिप्रेमी मंडळाचे अध्यक्ष दिवाळीनंतर माझ्या स्टुडिओत रोल धुवायला आले. त्यांना ककणेर पाहिजे होता. ककणेर म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी, ज्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं आणून तिला फटीतून भरवतो. तो भरवतानाचा फोटो त्यांना काढायचा होता. मी फुशारकीनं बोलून गेलो, की मलकापूरच्या पुढचं झाडन् झाड आमच्या वडिलांना माहीत आहे, तुम्ही मंडळी घेऊन या, सगळं दाखवतो. स्टुडिओच्या पाटीवर 'जंगल सहलीची सोय होईल' एवढं वाढवायचं असंही मनाशी ठरवून टाकलं.

शिकारबंदी होऊन हाक्याची मुकादमी गेल्यापासून आप्पा कसे होते ते तू बघितलं नाहीस. दिवाळीला येतेस, मला ओवाळतेस आणि आप्पांना सांगायचं ते माझ्या बायकोमार्फत सांगून निघून जातेस. तुझा राग खोटा आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. पोरीवर अक्षता पडायच्या वेळी इनामदारांचा निरोप येतो, की पावणे मचाणावर चढले, आणि बाप मांडवातून उठून शिकारीसाठी रान हुसकायला, हाका घालायला जातो! कन्यादान मामांनी केलं. वीस वर्षं होऊन गेली, पण तो मांडव आपल्या घरातून अजून उतरलेला नाही. (हेही वाचून दाखवलं. आप्पा म्हणतात, "फुडं लिव.")

मंडळी आली. बाराजण, बाराही गळ्यांत कॅमेरे, बंदुकीच्या नळीएवढ्या लांब भिंगांचे. आप्पांनी ठेवणीतला खाकी कोट घातला आणि ढोलीचं झाड बरोबर दाखवलं. अध्यक्षांनी झाडासमोर हिरव्या कापडाचा तंबू ठोकला, भिंगं बाहेर काढली आणि नियम सांगितला: बोलायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही. आप्पांना हे जमेना. ते कानात सांगतात तेही पलीकडच्या डोंगराला ऐकू जातं. दोन दिवस मंडळी तंबूत घामाघूम होऊन बसली. पिसवांनी सगळ्यांना फोडून काढलं, पण ककणेर काही तंबूकडं फिरकेना. संध्याकाळी अध्यक्ष मला म्हणाले, "तुमचे वडील फार मोठ्याने श्वास घेतात हो."

हे आप्पांनी ऐकलं. त्यांना श्वासाचं काही वाटलं नाही, वाटलं ते वेगळंच. पावणा मचाणापुढनं रिकाम्या हातानं परत जायचा, हे त्यांच्या उभ्या हयातीत झालेलं नव्हतं. जनावर आपल्या पायानं कधी येईल ते येईल आणि पावण्यानं तोवर वाट बघायची, ही कुठली पद्धत? (आप्पा म्हणतात, "मग? चुकलं काय माजं? पावणं पुण्यास्नं आल्यालं.") मला न सांगता ते गावात गेले आणि जुने हाकेवाले गोळा केले. बरेच वारले आहेत. उरलेल्यांत एकाला ऐकू येत नाही, एकाचा गुडघा वाकत नाही. हलगी वाजवायला कुतुबुद्दीनचाचा. ते आता भांड्यांना कल्हई लावतात, पण आप्पांनी हाक मारली म्हटल्यावर भाता तसाच टाकून एसटीत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ककणेर आला. चोचीत पिकलं उंबर धरून ढोलीसमोरच्या फांदीवर बसला. अध्यक्षांनी भिंगाला डोळा लावला. आणि तेवढ्यात मागच्या रानातून हलगी कडाडली. डालडाचे डबे, ताटं, शिट्ट्या, आरोळ्या. जंगल तिन्ही बाजूंनी वाजवत आणायचं आणि जनावर पावण्यांपुढं काढायचं, तो आपला पूर्वापार हाका. ककणेर तर उडालाच, पण त्या डोंगरावर पंख म्हणून जे काही होतं ते एकजात रत्नागिरीच्या दिशेनं निघून गेलं. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि कारवीतून गवा बाहेर आला.

हाक्याचा एक कायदा आहे. जनावर पावण्यांवर चालून आलं, तर हाक्याच्या मुकादमानं मधे उभं राहायचं. आप्पा धावत आले आणि तंबूपुढं डालडाचा डबा बडवत उभे राहिले. जन्मभर त्यांच्या पाठीमागं बंदुका असत. ते मागं न बघता ओरडले, "हाणा की पावणं! बघताय काय? हाणा!" आणि बाराही कॅमेरे कटाकट वाजले. पावण्यांनी शिस्त सोडली नाही, कुणी साधं ओरडलंसुद्धा नाही. मला त्या आवाजाचं हसू आलं, आक्का. अगदी तेवढा एक क्षण आलं, आणि ते आता कुठं नेऊन टाकू ते कळत नाही. गव्यानं आप्पांना शिंगानं नुसतं बाजूला सारलं, दारात आडवं आलेलं पोतं सारावं तसं, आणि खाली उतरून निघून गेला.

अध्यक्षांच्या जीपमधून आप्पांना कोल्हापूरला आणलं. कमरेचं हाड आणि काही बरगड्या गेल्यात. कुतुबुद्दीनचाचा वाटभर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टर म्हणतात, महिनाभरात काठी घेऊन चालायला लागतील. (आप्पा म्हणतात, "काठी नको म्हणावं. आणि गवा न्हवता, गवी हुती. त्ये नीट लिव.") दुधाची, जेवणाची सोय माझी बायको बघते. काळजीचं काही कारण नाही. दाजींना नमस्कार, पोरांच्या पाठीवर एकेक थाप.

तुझा धाकटा,
जोतीराम

ता. क. – अध्यक्षांनी रोल माझ्याकडंच धुवायला टाकले होते. एक फोटो असा आला आहे की जन्मात तसा येणार नाही: पूर्ण गवा, नाकपुड्या फुललेल्या. अध्यक्षांचा निरोप आहे, की स्पर्धेला पाठवायचा आहे, मोठा करून द्या, मात्र कडेला डबा घेऊन म्हातारा आलाय तेवढा कापा. मी कापणार नाही म्हणून कळवलं आहे.

ता. क. दुसरा, आप्पांच्या सांगण्यावरून – तिला लिही, यायचं कारण न्हाय. उसाची कामं असतील. उगंच धावपळ करू ने.

ता. क. तिसरा – हे बाहेर, दवाखान्याच्या फाटकाशी उभा राहून लिहितोय. हे त्यांना वाचून दाखवलेलं नाही. डॉक्टर काठीबिठीचं काही म्हणालेले नाहीत. आत रक्त साठलंय, ताप हटत नाही, आणि जवळच्यांना बोलावून घ्या असं त्यांनी आज सकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं. सकाळी आप्पा शुद्धीवर असतात, तेव्हा मला विनोदी लिहायला लावतात, तू वाचताना हसावंस म्हणून. दुपारी ताप चढला की त्यांना काही समजत नाही. मग ते तुला हाका मारतात. "आक्का, अगं आक्का" असं सारखं. रशिदा म्हणून नर्सबाई आहेत, त्या हातातलं काम टाकून कॉटपाशी येतात आणि "ओ आप्पा" म्हणतात. मग ते गप पडतात. तीन दिवस त्याच ओ देतायत. तू ये.