दार लावून विचारलेले प्रश्न

प्रिय ठोंब्या,

पन्नाशी ओलांडलीस तरी हातून हेच नाव लिहिलं जातं, रागावू नकोस. दिवसभर ऑफिसात अहवाल खरडून माझी पत्राची सवयच मोडली आहे. घरच्या माणसाला काय लिहायचं, ते सुचत नाही.

आई गेली तेव्हा आपल्या थोरल्या दादाला कोण सांभाळणार, हा प्रश्न निघताच सगळे नातेवाईक छताकडे बघायला लागले होते. मुका-बहिरा, शाळेचं तोंड न पाहिलेला पंचेचाळिशीचा माणूस. माझ्या सासरी चालणार नाही, असं मी सांगून टाकलं. खरं तर मी सासरी कुणाला विचारलंच नव्हतं. तू मात्र एका शब्दात हो म्हणालास. ते मी विसरलेले नाही. तुझ्या लाँड्रीत त्याच्या हाती पहिल्यांदा इस्त्री दिलीस तीही मायेनेच. पहिल्या शर्टाची घडी त्याने अशी मिरवली, जणू तो शर्ट त्यानेच शिवला होता!

मग त्या मोठ्या हॉटेलच्या चादरींचं काम मिळालं आणि तुझं बस्तान बसलं. दोन्ही कामगार सोडून गेले, त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. एवढ्या चादरी कोण इस्त्री करतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

माझं ऑफिस काय करतं ते तुला ठाऊक आहे. वयाने मोठ्या असूनही ज्या माणसांना आपली बाजू मांडता येत नाही, त्यांना घरात कुणी राबवत, छळत नाही ना, हे आम्ही वर्षातून एकदा जाऊन बघतो. नियम साधा आहे: त्या माणसाशी एकट्याशी बोलायचं, दार लावून. दुसरा त्याहून साधा: आपल्या नातेवाइकाकडे आपण जायचं नाही. यादीत तुझं घर आलं तेव्हा मी साहेबांना गळ घातली, परक्या माणसाला दादा बुजेल, मीच जाऊन येते. सलग चार वर्षं आले. तुझ्या बायकोच्या हातचा चहा घेतला, तुला आणि दादाला एकत्र समोर बसवून प्रश्न विचारले. दादाच्या नव्या हातखुणा मला कळत नसत, मग तूच सांगायचास, मजेत आहे म्हणतो, काम आवडतं म्हणतो. आणि ‘एकांतात बोललात का’ या रकान्यात मी ‘होय’ लिहायचे. दुसऱ्यांच्या घरी सांभाळणाऱ्या भावाला खोलीबाहेर काढताना मी कधी कुणाची भीड ठेवली नाही रे.

गेल्या महिन्यात हात भाजला म्हणून तू त्याला दवाखान्यात सोडलंस आणि चादरी पोचवायला गेलास. तेवढ्यात नर्सने दार लावलं आणि त्याच्यापुढे चित्रं मांडली. झोपतोस कुठे? त्याने पलंगाचं चित्र बाजूला सारलं आणि इस्त्रीच्या टेबलाखाली बोट ठेवलं. सुट्टी कधी असते? त्याने पुन्हा त्याच टेबलावर बोट ठेवलं. भाजल्याचे जुने डाग कोपरापर्यंत होते. चार वर्षं त्याच हातात मी खाऊचा पुडा ठेवला, बाही वर करून पाहिली नाही.

ऑफिसात आलेला नर्सचा फोन मीच उचलला. दाबून टाकावं असं मनात आलं, पाच मिनिटं तसं ठरलंही होतं. मग साहेबांसमोर जाऊन माझे चारही अहवाल खोटे असल्याचं लिहून दिलं. माझी चौकशी चालू आहे, नोकरी राहील की नाही ठाऊक नाही. तुझा पाय हळूहळू घसरत गेला आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून बसले. मला माझी लाज वाटते, आणि तुझा फार राग येतो.

तक्रार माझ्या सहीची आहे. दुसऱ्याच्या तोंडून ते तुला कळू नये म्हणून हे पत्र. ज्या बाईंनी हे तुझ्या हातात दिलं, त्या आमच्या ऑफिसतर्फे दादाला न्यायला आल्या आहेत. अशा माणसांसाठीच्या निवासात त्याच्यासाठी खोली आहे, पलंग आहे, हातखुणांची भाषा शिकवणाऱ्या बाई आहेत. यायचं आहे, असं त्याने नर्सला दोनदा सांगितलं आहे. पण ओढून कुणालाच नेत नाहीत, आणि निघताना तो दारात थांबून तुझ्याकडे बघणार. तू ओरडलास तर त्याला ऐकू येणार नाही, चेहरा मात्र दिसेल. तू होकाराची मान डोलावली नाहीस, तर तो मुकाट परत टेबलाकडे जाईल. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, पण आत्ता पत्र खाली ठेव. तो थांबलाय. त्याला हो म्हण.

तुझीच, अजूनही तुझीच,
ताई