देवपूरच्या मैदानावर शून्य अपघात

२ जानेवारी १९८९, सोमवार

काल मंडळाच्या बैठकीत माझी एकमताने निवड झाली. प्रजासत्ताक दिनाच्या कबड्डी स्पर्धेचा सुरक्षा प्रमुख. अध्यक्ष जीवराम आबांनी माझ्याआधी तिघांना विचारलं होतं म्हणे. तिघांनाही वेळ नव्हता. म्हणजे वेळेचं नियोजन फक्त मला जमतं.

गेल्या वर्षी दोघांचे हात मोडले, एकाचा कान अर्धा फाटला आणि पंचाला पांझरेच्या पुलापर्यंत पळवून मारलं. का झालं? सिस्टिम नव्हती म्हणून. यंदा अपघात शून्य. आबांना तसं सांगून टाकलं. ते म्हणाले, पंडित, कबड्डी शे ती, भजन नही. मी फक्त हसलो.

घरी बायकोने, लताने विचारलं, तुम्ही स्वतः कधी कबड्डी खेळलात का. पाटबंधारे खात्यात मी बावीस वर्षं कारकुनी करतोय, पण धरणात उडी कधी मारलेली नाही. हे तिला सुचलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचलं.

८ जानेवारी, रविवार

प्रथमोपचार शिबिर. सकाळी ९ ते १. सर्टिफिकेट मिळालं. त्रिकोणी बँडेज बांधण्यात मी दुसरा आलो. (बांधणारे दोघेच होतो, पण तो मुद्दा नाही.)

डॉक्टरांनी एक नियम तीनदा सांगितला. डोक्याला मार लागून क्षणभर जरी शुद्ध गेली, तरी त्या दिवशी खेळ बंद. मग तो माणूस उठून कितीही नाचो. मी तो लाल शाईने लिहून घेतला, खाली दोन रेघा मारल्या.

आता माझ्यासारखा माहीतगार माणूस धुळे जिल्ह्यात नसावा.

१५ जानेवारी, रविवार

मैदानाभोवती बांबू रोवून दोरखंड बांधला. प्रेक्षक आत घुसणार नाहीत. सरावाला आपली पोरं उतरली. पहिल्याच पकडीत एक जण मागे रेटला गेला आणि बरगड्यांवर बांबूला आदळला. बांबू जराही हलला नाही. काम पक्कं झालंय.

दुसऱ्याचा पुढचा दात पडला. चौकशी केली. दात आधीच हलत होता. हा अपघात नव्हे, निसर्ग.

आपला मुख्य चढाईपटू अभिमन मात्र बघण्यासारखा. बावीसचा, काटक. वीज चमकावी तसा मधल्या रेषेवरून जातो आणि तिघांना शिवून परत. त्याची आई वच्छलाबाई बाजारात भाजी विकते. तिने मला रस्त्यात थांबवून सांगितलं की पुढच्या महिन्यात त्याची पोलीस भरती आहे, तेवढं हातपाय सांभाळा नाना. मी म्हटलं, माझ्या हद्दीत त्याला ओरखडाही येणार नाही.

२२ जानेवारी, रविवार, सायंकाळी ६

सर्व संघनायकांची शांतता बैठक बोलावली. विषय : खिलाडूवृत्ती. चहा झाला. मी वीस मिनिटं बोललो. एकविसाव्या मिनिटाला शिरपूरकडच्या एकाने साक्रीकडच्या एकाला गेल्या वर्षीच्या कानाची आठवण करून दिली. मग बाकडं उचललं गेलं. दोन भुवया फुटल्या, कपबशा संपल्या. चोपड्याचा संघनायक सुपडू तेवढा कोपऱ्यात शांत बसून बिस्किट खात होता. केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा हमाल आहे, मान बैलासारखी. धोका त्याच्यापासूनच आहे. अशी शांत माणसंच घातकी असतात. वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली.

भांडण स्पर्धेच्या आधी झालं म्हणजे स्पर्धेतलं कमी झालं. बैठक यशस्वी.

२४ जानेवारी, मंगळवार

स्पर्धा सुरू. पंचांच्या टेबलाजवळ काळा फळा उभा केला : 'आजपर्यंत अपघात : ०'. लोक वाचून थांबत होते.

खेळाडूंची नखं तपासली. लांब दिसली त्यांची मी स्वतः कापली. चौथ्याचं जरा खोल गेलं. स्पर्धेतलं पहिलं रक्त माझ्या हातून निघालं, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. दुर्लक्ष केलं.

प्रेक्षकांकडून काठ्या, छत्र्या, बैल हाकायचे पराणे दारातच काढून घेतले. सगळं मिळून शंभरावर. एकाच ठिकाणी, टेबलामागे, नीट रचून ठेवलं. ही माझी सर्वांत चांगली कल्पना.

दिवसभरात एक नाक, एक खांदा, तीन मारामाऱ्या. नाक किरकोळ. खांदा निसटून परत बसला, म्हणजे जमाखर्च शून्य. मारामाऱ्या वैयक्तिक. फळ्यावर ० कायम.

२५ जानेवारी, बुधवार

एकाने दुसऱ्याच्या मांडीला चावा घेतला. मांस दिसत होतं. अपघात म्हणजे जे नकळत होतं ते. हे कळून केलेलं होतं. ०.

पंच तोताराम सर म्हणाले, नाना, त्या काठ्या तिथून हलवा. त्यांना व्यवस्थापनातलं कळत नाही. माझ्या नजरेसमोर आहेत म्हणूनच सुरक्षित आहेत.

२६ जानेवारी, गुरुवार, दुपारी १

झेंडावंदन झालं. आबांनी भाषणात माझ्या फळ्याचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. अंगावर काटा आला.

मग सेमीफायनल. अभिमनला चौघांनी कमरेतून उचललं आणि आपटलं. डोकं आधी टेकलं. नारळ फुटावा तसा आवाज झाला. पडून राहिला. डोळे उघडे, पण बघत नव्हते. मी वीस आकडे मोजले. मग उठला आणि समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. लोक हसले. मीही हसलो.

तपासणी केली. नाव विचारलं, बरोबर सांगितलं. वार विचारला, मंगळवार म्हणाला. सुट्टीच्या दिवशी मलाही वार कळत नाही. मंडपामागे एकदा ओकला. सकाळचे पोहे तेलकट होतेच.

लाल शाईचं आठवलं. नाही असं नाही. पण शुद्ध गेली असं म्हणता येईल का? डोळे तर उघडे होते. डॉक्टरांनी उघड्या डोळ्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं.

आबा म्हणाले, चार वाजता फायनल आहे, चोपड्याशी, खेळेल ना? सगळे माझ्याकडे बघत होते. फळाही दिसत होता. मी म्हटलं, फिट आहे. वहीत लिहिलं : 'ऊन लागले'.

वच्छलाबाई पाटी तशीच सोडून आल्या होत्या. मना पोर्या बरा शे ना नाना, एवढंच विचारलं. एकदम, म्हटलं.

२६ जानेवारी, सायंकाळी ७

दोनदा पेन हातातून पडलं. थंडी आहे.

फायनल सहा मिनिटं चालली. अभिमन चढाईला गेला. सुपडूने त्याचा घोटा धरला. नुसता धरला. मी दहा फुटांवरून बघितलंय, ओढलाही नाही. अभिमन गुडघ्यावर आला, मग कुशीवर, मग हातपाय झाडायला लागला. तोंडातून फेस.

कुणीतरी ओरडलं, सुपडूनी त्याले मारी टाकं. दोरखंड तुटला. लोक आत घुसले ते थेट टेबलामागे. काठ्या हव्या तशा, रचून ठेवलेल्या. छत्र्यासुद्धा. पहिला पराणा सुपडूच्या डोक्यात बसला, रक्त दोन्ही डोळ्यांत उतरलं. तोताराम सरांनी हात आडवा घातला, तो मनगटातून वाकडा झाला. चोपड्याची पोरं बांबू उपटून फिरवायला लागली. एक म्हातारा माणूस पायाखाली गेला. फळा कुणाच्या तरी पाठीवर फुटला.

मी टेबलाखाली होतो. तिथून परिस्थितीवर लक्ष ठेवता येत होतं.

अभिमन मध्यभागी तसाच पडलेला. त्याच्याजवळ कुणीही जात नव्हतं, सगळे त्याच्यासाठी मारत होते. सुपडू गेला. वरून काठ्या पडतच होत्या. त्याने अभिमनला अलगद खांद्यावर घेतलं, घडाला मार लागू नये तसं हाताने डोकं धरलं, आणि चालत टेम्पोपर्यंत गेला. पाठीत तीन-चार बसल्या. वळूनही बघितलं नाही. पळालासुद्धा नाही.

प्रथमोपचार पेटी माझ्या छातीशी होती. बंद.

२७ जानेवारी, शुक्रवार

सरकारी दवाखान्यात गेलो. अभिमन पहाटे शुद्धीवर आला. मेंदूला सूज आहे. तो वाचेल, पण पुढचं आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. भरतीचं तर विचारूच नका. त्यांनी विचारलं, यापूर्वी कधी डोक्याला मार बसला होता का, त्याच दिवशी वगैरे. मी म्हटलं, तशी नोंद नाही.

हे खोटं नाही. नोंद खरंच नाही.

सुपडू व्हरांड्यात जमिनीवर बसला होता. डोक्याला अकरा टाके. त्याच्या संघाची बस सुटली तरी गेला नव्हता. मला म्हणाला, नाना, मी जोरात धरं नही हो. मी फक्त मान हलवली. पोलीस त्याचा जबाब घेऊन गेले होते.

घरी जेवलो नाही. लताने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी, रविवार, दुपारी ३

सकाळी डॉक्टरांना सांगितलं. आपटला, डोळे उघडे होते, वार चुकला, ओकला, मी फिट म्हटलं. ते लिहीत राहिले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त वेळ विचारली. साडेदहा, म्हटलं. मग पोलीस चौकीत जाऊन तेच सांगितलं. सुपडूचं नाव काढा म्हटलं. हवालदाराने जुना जबाब बाजूला सरकवून कोरा कागद घेतला.

मग वॉर्डात गेलो. वच्छलाबाई उशाशी बसून मोसंबी सोलत होत्या. मला बघून सरकल्या, जागा दिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, "ह्या नानाच रोज येतस. बाकी मंडळ मां कोनीच उनं नही."

अभिमनने डोळे उघडले. ओळखलं.

"नाना, मॅच कोन जिकनं?"

मी म्हटलं, आपण. तो हसला. ओठ फुटलेला होता तरी हसला.

पाच मिनिटांनी परत : "नाना, मॅच कोन जिकनं?"

वच्छलाबाई हळूच म्हणाल्या की सारखं तेच विचारतो, त्याच्या लक्षात राहत नाही. मी म्हटलं, बरोबरीत सुटली. यावर तो जरा विचारात पडला.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. सगळं सांगितलं. मॅच पूर्ण झालीच नाही. तू सकाळी पडलास तेव्हाच खेळ थांबवायला हवा होता. मला माहीत होतं. मला लाज वाटली असती म्हणून मी तुला खेळायला सोडलं. सुपडूचा दोष नाही, त्यानेच तुला उचलून आणलं. मी टेबलाखाली होतो.

तो नीट ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरं."

वच्छलाबाईंचे हात थांबले होते. मोसंबीची फोड तशीच बोटांत. माझ्याकडे बघितलं नाही. पदराने त्याचं तोंड पुसलं, आणि मग आणखी एकदा पुसलं, तोंडावर काही नव्हतं तरी.

मी उठणार होतो. तेवढ्यात त्याने माझी बाही धरली. चेहरा एकदम ताजा, नुकताच झोपेतून उठल्यासारखा.

"नाना, मॅच कोन जिकनं?"

वच्छलाबाई आता माझ्याकडे बघत होत्या. मी परत बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.