पेंढ्याची ऊब

ता. ३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. मी बरा आहे. दाजीही इथल्या कामासाठी सुखरूप पोचले. गाडीतून उतरल्या उतरल्या तुझ्या नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "इथे विडी ओढायला कुठे जायचं?" म्हणजे तब्येत ठणठणीत समज.

फोन केला असता, पण फोनवर तू मधेच "खरं सांग" म्हणतेस आणि माझं सगळं बिनसतं. कागद मधे बोलत नाही.

कामाचं सांगतो. आमच्या शेडमधून काचेचे दिवे, चिनी मातीचे वाडगे असलं नाजूक सामान खोक्यांत भरून लांब लांब जातं. आजवर ते थर्माकोलमध्ये जायचं. शेडच्या मागे ओढा आहे. त्यात थर्माकोलचे पांढरे दाणे तरंगायचे आणि बदकं ते खायची. मालकीणबाईंना ते बघवेना. त्यात एका गिऱ्हाइकाने वाडगे ठेवून घेतले आणि थर्माकोल तेवढा परत पाठवला. वर चिठ्ठी, "तुमचा कचरा तुम्हालाच लखलाभ." त्या दिवसापासून बाईंनी ध्यासच घेतला, प्लास्टिकचा कपटासुद्धा नको. वर्तमानपत्राचे तुकडे घालून पाहिले, तर शाई वाडग्यांना लागली. मक्याच्या पिठाचे फुगे आणले, ते उंदरांनी खाल्ले. मुकादमानेही एक तोंडात टाकला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

तेव्हा मी तोंड उघडलं. आई बाजाराला अंडी न्यायची ती पेंढ्यातच ना? मी एक खोकं पेंढ्यात भरलं आणि सगळ्यांसमोर जिन्यावरून सोडून दिलं. उघडलं तर एकाही वाडग्याला साधा चरा नाही! बाईंनी टाळ्या वाजवल्या. आता पेंढा कुठून घ्यायचा, कसा रचायचा, खोक्यात किती घालायचा, सगळं माझ्याकडे. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला विचारल्याशिवाय इथे पान हलत नाही. लोक मला "गवत्या" म्हणतात. म्हणू देत. एका जागी माझं बूड टिकत नाही म्हणून तू रडायचीस, आता टिकलंय.

मोठी ऑर्डर आली आहे, म्हणून पेंढ्याचे गठ्ठे माळ्याला लागतील इतके रचलेत. गंजी म्हटलं की तुला काय आठवेल ते मला ठाऊक आहे. ते वेगळं होतं.

दाजी गंजीच्या वरच्या माळ्यावर झोपतात. माझ्या खोलीत गारठा आहे, तिथे यायला तयार नाहीत. म्हणतात, वर एवढी ऊब आहे की पांघरूणही लागत नाही.

तुझा,
धाकटा


ता. १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी लिहिल्यास आणि त्यात तीनदा विचारलंस, पेंढा कोरडा होता ना? मालकीणबाईंनीही हेच विचारलं होतं. त्यांना सांगितलं तेच तुला सांगतो, कोरडा होता.

म्हणजे वाटेत जरा भुरभुर लागली. मी गाडीवरच होतो. गाडीवाल्याने प्लास्टिकची ताडपत्री काढली, तर मीच घालू दिली नाही. खोक्यांवर आम्ही "प्लास्टिकशिवाय" असं छापतो, आणि पेंढ्याची गाडी प्लास्टिक पांघरून फाटकातून आत आली तर बाई काय म्हणतील? गाडीवाला म्हणाला, "साहेब, पावसाला वाचता येत नाही." आगाऊ माणूस. वरवर ओलसर झाला, एवढंच. पसरून वाळवायला ना जागा होती ना वेळ. म्हटलं, आपोआप सुकेल.

शेडमध्ये हल्ली छान वास येतो. गोडसर, साखर करपल्यासारखा, आणि मागून तंबाखूचा. बाई आल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा निसर्गाचा वास." त्या गेल्यावर मुकादम म्हणाला, "मग आपल्याकडे निसर्ग दुपारनंतर जरा जास्तच येतो." सगळे हसले. मीही हसलो.

खिडक्यांच्या काचांना आतून पाणी धरतं. भिंतीकडची खोकी मऊ पडतात, बोट लावलं तर आत जातं. मांजर होतं एक, उंदरांसाठी पाळलेलं, पेंढ्यातच लोळायचं. ते आता ओट्यावर थंडीत कुडकुडत बसतं, पण आत येत नाही. मांजरांचं काय, लहरी असतात.

काल दोन गठ्ठ्यांच्या फटीत हात घातला, कोपरापर्यंत.

असो. नंतर हात धुऊन जेवायला बसलो.

दाजींचा खोकला वाढलाय. खाली या म्हटलं तर म्हणाले, "मेहुण्या, लग्न झाल्यापासून एवढी ऊब मिळाली नव्हती. तुझ्या बहिणीला सांगू नकोस." सांगितलं बघ. हसलीस ना? हस.

तुझा,
धाकटा


ता. १९ नोव्हेंबर, रविवार

ताई,

हे पत्र दाजींच्या हातून येतंय. मी त्यांना सांगितलंय की तू खूप आजारी आहेस. तू धडधाकट दारात उभी दिसलीस की ते भडकतील. भडकू देत. पाकीट आमच्याच कागदी टेपने घट्ट बंद केलंय. वाटेत फोडायचे नाहीत, अक्षरांशी त्यांचं तसंही वैर.

काकांची गंजी पेटली तेव्हा मी लहान होतो, पण मला आठवतं. सगळ्यांनी गड्याच्या विडीवर खापर फोडलं. तू एवढीशी पोर, एकेकाचा सदरा ओढून सांगत होतीस, गंजी आधीच गरम होती, मी हात घातला होता. कोणी ऐकलं नाही. गडी बायकापोरांना घेऊन निघून गेला. तू मला म्हणाली होतीस, ओला पेंढा दाबून ठेवला की तो आतल्या आत शिजतो.

परवा मी लोखंडी सळई गंजीत खुपसून ठेवली. थोड्या वेळाने काढली तर हातात धरवेना. टोकाला पेंढ्याच्या काड्या चिकटल्या होत्या, काळ्या. तेवढ्यात वर दाजी खोकले आणि विडीचा वास खाली आला. ताई, तुला खोटं नाही सांगत, आधी मला हायसं वाटलं. म्हटलं, काही झालंच तर लोक विडी म्हणतील. गवत्याचं नाव येणार नाही.

मग माझी मलाच शिसारी आली. काल तिकीट काढलं, आज त्यांना गाडीत बसवतोय.

बाईंना सांगायलाही गेलो होतो. घराच्या पायरीपर्यंत गेलो. त्या खोक्यांवर छापायचं नवीन चित्र बघत बसल्या होत्या, ओढ्यातल्या बदकाचं. म्हणाल्या, "ये ये, हे तुझ्यामुळे!" आणि घरातल्या सगळ्यांना बोलावलं, हा बघा आमचा गवत्या. मी चहा घेतला आणि परत आलो. काय सांगणार होतो? पेंढा गेला की उद्या पुन्हा थर्माकोल, आणि मी पुन्हा कुठेतरी हमाली शोधत फिरणार.

उद्या माल न्यायला गाडी येईल. आज शेड बंद आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. दाजींना सोडून आलो की मी एकटाच गंजी फोडणार. गरम गठ्ठे मागच्या दाराने ओढ्याकाठी नेऊन पसरले की निवतील. कोणाला कळायचंही नाही. तू म्हणायचीस, काकांनी दाताळं घालून गंजी उघडली, आत वारा शिरला आणि तेव्हाच तिने पेट घेतला. पण काका घाईचे होते. मी हळूहळू काढीन. दोन बादल्या पाणी भरून ठेवलंय. सकाळी सळईच्या भोकातून जरा धूर दिसला. वाफ असेल.

दाजींचे कपडे आल्या आल्या धुवायला टाकू नकोस. आधी एकदा नाकाला लाव. तुला कळेल.

तू नेहमी म्हणतेस ना, खरं सांग. पेंढा ओला होता. मला माहीत होतं. बाईंना मी कोरडा म्हणून सांगितलं.

हे तुझ्या हातात पडेल तोवर इकडचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मी स्वतः फोन केला तर हे पत्र चुलीत घाल आणि मला हव्या तेवढ्या शिव्या दे. माझा फोन आला नाही, तर मुकादमाचा नंबर दाजींकडे आहे. त्याला आणि बाईंना सांग, दाजी तेव्हा गाडीत होते, विडी नव्हती. या वेळी तुझं ऐकावं लागेल त्यांना. माझ्या अक्षरातलं आहे तुझ्याकडे.

दाजींना माळ्यावरची ऊब आवडायची. घरी गारठा वाटला तर त्यांना माझी गोधडी दे. मला लागणार नाही.

तुझा,
धाकटा