एफ्राइनचा न झालेला वाढदिवस

कोस्त्रोमा, बर्फ वितळायचे दिवस

आदरणीय वालेरियाताईस धाकट्या रिम्माचा नमस्कार आणि दोन्ही गालांचे पापे. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींनी खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या यंदा फुटल्या नाहीत ना? (फुटल्या असतील तर दोष बरण्यांचाच, असं त्यांना सांग.) मी ठणठणीत आहे, फक्त लाजेनं अर्धी झाले आहे.

तुला माहीतच आहे, इथली रशियन शिकवणारी भाषाशाळा माझ्याकडे परदेशी विद्यार्थी राहायला पाठवते. व्याकरण शाळेत शिकायचं आणि माणसांत कसं वागायचं ते माझ्या स्वयंपाकघरात. सध्या मेक्सिकोचा एफ्राइन आहे. घरात शीळ घालू नये, उंबरठ्यावरून हात मिळवू नये, रस्त्यात अनोळखी माणसाकडे बघून हसू नये (लोक घाबरतात), हे सगळं मी त्याला वर्षभर घोटून घोटून शिकवलं. आता तो मलाच ओरडतो, "रिम्मा पावलोव्हना, टोपी कुठाय? डोकं गारठेल!" आणखी एक वर्ष राहायचं की परत जायचं, ते त्याला या आठवड्यात ठरवायचं होतं. मला काय त्याचं? एक गेला की दुसरा येतो.

तर मंगळवारी तो चाळीस वर्षांचा झाला. आता पुरुषाची चाळिशी साजरी करणं म्हणजे मरणाला आवतण, हे तुला सांगायला नको. आपल्या बोऱ्यामामानं ऐकलं नाही, केक कापला आणि वर्षाच्या आत गेला. (त्यानं पातळ बर्फावर मोटारसायकल घातली हे खरं, पण मूळ कारण केकच.) म्हणून मी आधीच बंदोबस्त केला. वरच्या मजल्यावरच्या सावेली आजोबांना दम भरला, शाळेत फोन करून बाईंना बजावलं की कुणी शुभेच्छा द्यायच्या नाहीत. एफ्राइनला मात्र काही बोलले नाही, कारण असल्या गोष्टी तोंडाबाहेर काढल्या तरी बाधतात. सकाळी तो नवा शर्ट घालून आला आणि म्हणाला, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "मंगळवार. लापशी खा." संध्याकाळी बिचारा स्वतःच केक घेऊन आला. मी त्यावर टॉवेल टाकला आणि केक बाल्कनीत नेऊन ठेवला.

बुधवारी त्यानं बॅग भरली. "वर्षभर सगळ्यांचे वाढदिवस केले मी," तो म्हणाला, "सावेली आजोबांच्या मांजरीचासुद्धा. माझी मात्र कुणाला आठवण नाही. मग राहू कशाला?" पण एवढ्या रागातही शिकवलेलं विसरला नाही गं! प्रवासाला निघण्याआधी क्षणभर गप्प बसायचं म्हणून बॅगेवर बसला. मी समोरच्या स्टुलावर बसले. बोलायचं नसतं, ठाऊक आहे, पण मला रडूच कोसळलं. बोऱ्यामामा, बर्फ, केक, सगळं भडाभडा ओकून टाकलं. तो आ वासून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी मरू नये म्हणून तुम्ही माझ्याशी असं वागलात?" मी नाक पुसत म्हटलं, "मग दुसऱ्या कशासाठी, गाढवा?" तो एवढा हसला की बॅगेचं हँडल तुटलं. तुटक्या बॅगेनं कोण प्रवास करतं? तो राहतोय.

भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला कोबीचं पान बांधत जा.

तुझी,
रिम्मा

ता. क. खरं काम हे की आम्ही शनिवारी तुझ्याकडे येतोय. माझ्या घरात त्याची चाळिशी करायला माझा हात धजत नाही, म्हणून तुझ्याकडे करू. केकवर एकोणचाळीसच लिही. मरण काही जन्मदाखला मागत नाही.

ता. क. २. तुझी ती घटस्फोटित शेजारीण लारिसा फार छान नाचते असं ऐकलंय. तिला बोलावू नकोस. मला काय त्याचं, असं वर लिहिलंय ना? ते खोडलं असं समज.