होशंगाबादला न्यायची नरोटी

अकोट, चैत्र वद्य षष्ठी, दिवेलागण

आज माझं हसू झालं. माझ्या दादाची होशंगाबादच्या कचेरीत बदली झालीय, घर नर्मदेच्या घाटालाच लागून. वैशाखासाठी आम्हा सासूसुनांना न्यायला वहिनी आल्यात. मी गाठोड्यात लुगडी, लोटा आणि नारळाची नरोटी ठेवली. नदीवर जायचं तर नरोटी नको? उन्हाळ्यात वाळूत झिरा खणायचा आणि नरोटीनं घागर भरायची, मला नदी ठाऊक ती एवढीच!

वहिनी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "अवं बाई, तिथं झिरा कायले खंदता? वैशाखातही डोक्यावर पानी रायते. नावा चालतेत."

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "वांग्याले पानी कोन देईन?" म्हणून सकाळपासून त्या यायला तयारच नव्हत्या. मळ्यातली विहीर तळाला गेलीय, त्यांचंही खोटं नाही. त्यांनी हळूच विचारलं, "मंग रातभर ते पानी काय करते?"

"वायते. समुद्रात जाते," वहिनी म्हणाल्या.

"कोनी भरलं नाई तरी?"

"तरी."

एवढं पाणी, आणि कुणाची वाट न पाहता चाललेलं? खरंच असेल?

मी लाजून नरोटी काढली, खुंटीला टांगली. आत्ता दिवा लावायला गेले तर खुंटी रिकामी आणि गाठोडं फुगलेलं. शेजारी सासूबाईंचं लुगडंही घडी घालून ठेवलेलं.

"नरोटी काहून घेतली, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

"न खंदता भरते का, ते डोयानं पाहीन मी."