काही झालंच नाही

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं, म्हणून पत्र.

डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं. चार औषधं झाली, पाचव्यानं फारसा फरक पडणार नाही. डाव्या कानाच्या वर, मेंदूत, एक लहानसा डाग आहे. फिट तिथून सुटते. तेवढा भाग काढला तर शंभरातल्या साठ-पासष्ट जणांच्या फिट थांबतात. पण शब्दांची आठवणही तिथेच शेजारी असते. नावं जाऊ शकतात. किती आणि कोणाची, ते आधी सांगता येत नाही म्हणाले.

बाइंडरला मेंदूतलं काय कळणार? पण कापणं कळतं. पुस्तकाची कड कापताना सूतभर चुकलं तर अक्षरं जातात, ती परत लावता येत नाहीत. दोन वर्षं झाली, मालकांनी मला कटिंग मशीनपाशी उभं राहू दिलेलं नाही. पानं मोजतो आणि शिवतो.

महिन्यातून दोन फिट येतात. तेवढ्यासाठी डोकं उघडायचं का? आई गेल्यापासून तुझ्याशिवाय विचारायला कोणी नाही. तू म्हणशील तसं करीन.

लोभ आहेच, उत्तरही वेळेवर असावं.
तुझा घुम्या

दि. ११ मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर वर्गात चुका केल्या. पोरांनी पाढ्यात मला पकडलं, इतकी वाईट वेळ आली.

विचारलंस म्हणून सांगते, नको. महिन्यात दोन म्हणजे बाकीचे अठ्ठावीस दिवस तुझेच आहेत. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आईचं हसणं, बाबांची खोकायची तऱ्हा आठवणारे आता आपण दोघंच उरलो. तू विसरायला लागलास तर मी कोणाशी बोलायचं? यात माझा स्वार्थ आहे, तो मान्य करते. तपासण्यांना जा, पण सही करू नकोस.

वहिनीला जप म्हणावं. छोटीला पापा.
तुझी ताई

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

पाच दिवस डोक्याला तारा लावून कॅमेऱ्यासमोर ठेवलं होतं. नंतर डॉक्टरांनी विचारलं, किती फिट आल्या असं वाटतं? मी म्हटलं, दोन. त्यांनी अकरा सांगितल्या आणि मला चित्रण दाखवलं.

मी पलंगावर बसलोय, हातात चहाचा कप. डोळे थिजतात, तोंड काही चघळल्यासारखं हलतं. ही पडद्यांच्या कापडाबद्दल बोलतेय. बोलता बोलता ती माझ्या हातातून कप काढून घेते, हनुवटी पुसते आणि वाक्य पुरं करते. मी भानावर येतो आणि मान डोलावतो. रविवारी पोरगी आली होती. तिनंही तसंच केलं. आधी माझा चष्मा काढून ठेवला, मग शाळेची गोष्ट पुढे सुरू. सात वर्षांची आहे ती.

हिला विचारलं. ती म्हणाली, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात वन्संनी बजावलं होतं, की ही आमच्या आईची रीत आहे. तो भानावर आला की काही झालंच नाही असं वागायचं.

खरं का ताई? मला घुम्या नाव कशावरून पडलं, तेही सांग. मी समजत होतो, मी अबोल आहे. आणि मी दोन म्हणून विचारलं, तू दोन धरून सल्ला दिलास. तुला आकडा ठाऊक होता.

लोभ सध्या बाजूला राहू दे. उत्तर पाठव.

दि. ९ एप्रिल

चि. भावास,
आशीर्वाद.

सगळं खरं आहे. तू आठ वर्षांचा होतास. पहिल्यांदा तुला सांगितलं तेव्हा महिनाभर शाळेत गेला नाहीस, खाटेखाली जाऊन बसायचास. मग आईनं ठरवलं की सांगायचंच नाही. गप्प व्हायचास म्हणून घुम्या. तुझ्यादेखत आम्ही हसायचो, ते रडू येऊ नये म्हणून.

दोन नव्हेत हे मला माहीत होतं, तरी नको म्हणून लिहिलं. भ्याले मी. आता सल्ला देत नाही. तो हक्क मी घालवला.

जमलं तर माफ कर.
ताई

दि. १४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

सही केली. एकोणीस तारीख मिळाली आहे.

रस्ता ओलांडताना पोरगी माझा हात घट्ट धरते. मी समजायचो, गाड्यांना घाबरते. ती मला सांभाळत होती, ताई. तिचं बालपण यात जायला नको, एवढंच कारण.

एक अट घातली आहे. नंतर जे जाईल ते मला तोंडावर सांगायचं. ही आणि पोरगी, दोघींनी कबूल केलंय, तूही कर. राग अजून आहे, पण तो तुझ्यावरच काढता येतो.

लोभ होता तसा राहू दे.
तुझा घुम्याच

दि. २७ जून

ती. वन्संना,
सा. नमस्कार.

ह्यांना लिहायला बसलं की शब्द सापडत नाहीत, म्हणून मी लिहिते. नऊ आठवड्यांत एकही फिट नाही. मालकांनी पुन्हा मशीनवर घ्यायचं म्हटलं आहे. डॉक्टर खूश आहेत.

नावं मात्र गेली. तुमचं आहे, आईंचं आहे, माझं कधी असतं, कधी नसतं. पोरीचं राहत नाही. काही परत येतील, काही नाही, असं डॉक्टर म्हणतात.

काल ती शाळेतून आली. ह्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसते बघत राहिले. पूर्वी मी पडद्यांचा विषय काढला असता. पण कबूल केलेलं होतं. ती समोर उभी राहिली आणि बाबा, तुम्ही माझं नाव विसरलात, असं सरळ म्हणाली. मग नाव सांगितलं. ह्यांनी ते तीनदा म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून खूप रडले. आज सकाळी पुन्हा तेच झालं.

नंतर ती स्वयंपाकघरात आली आणि तिनं मला हळूच विचारलं, की उद्यापासून नाही सांगितलं तर चालेल का.

तिला काय सांगू, ते तुम्हीच कळवा.

तुमची,
भावजय